मोडक्या पाकळीचे झाकण

मोळी टाकून सोमी लगेच निघाली नाही, तेव्हा तिला काहीतरी बोलायचे आहे हे उषाच्या लक्षात आले.

उषा बोईसरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. तिच्याकडे लाकूडफाटा सोमीच आणायची. पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यावरून ती अंधारातच निघे, दोन-तीन घरी मोळ्या टाके आणि उषाच्या ओट्यावर बसून बशीभर चहा घेई. अलीकडे मात्र तिने चहा सोडला होता. तिचा नवरा देवू मुंबईला कामावर गेला आणि तिथेच वारला, एवढे उषाला कळले होते. कसा वारला, हे विचारायला तिला धीर झाला नव्हता.

"मास्तरीणबाय," सोमी म्हणाली, "मला मुंबईत एक झाकान शोधायचं हाय."

"झाकण? कसलं?"

"लोखंडी. रस्त्यात अस्तं नाय का, गटाराच्या भोकावर. तेच्यावर फूल हाय."

मग तिने हळूहळू, मध्येच थांबत सगळे सांगितले. गवताची कापणी संपल्यावर देवू, त्याचा धाकटा भाऊ भिका आणि पाड्यावरची आणखी काही माणसे एका ठेकेदाराबरोबर मुंबईला गेली होती. तो त्यांना पहाटेच्या आधी ट्रकात घालून कुठे कुठे गटारे उपसायला नेई. महाशिवरात्रीच्या सुमारास एकदा देवू दोर बांधून खाली उतरला. दोर भिकाच्या हातात होता. खालून देवूचा आवाज येत होता, तो थांबला. मग दोर सैल झाला. वर ओढला तर नुसता दोरच आला. भिका आतल्या शिडीवरून थोडा खाली गेला, वासाने त्याची छाती धरली, त्याला केस धरून वर काढावे लागले. खाली पाणी वाहत होते. ठेकेदाराने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग झाकण परत बसवायला लावले.

"बसवलं?" उषाने विचारले.

"बसवलं. समद्यांना ट्रकात घातलं, टेसनावर आणून सोडलं. बोललात तर पोलीस तुमालाच धरंल, म्हनाला."

"ठेकेदाराचं नाव काय?"

"शेट."

"आणि जागा कुठली?"

"भिकाला तेवढंच म्हाईत. डोंगरावर मोठ्या लोकांची घरं हायत, समिंदराचा आवाज येतो. पर तेनं झाकान बघून ठेवलंय."

सोमीला ठेकेदार नको होता, पोलीसही नको होते. तिला त्या जागेची मूठभर माती हवी होती. तिच्या पाड्यावरची रीत अशी की माणूस घराबाहेर गेला आणि त्याचा देह हाती लागला नाही, तर तो जिथे पडला तिथली माती घरात आणायची. मग भगत त्याचे नाव घेऊन त्याला आत बोलावतो, घरच्या मेलेल्यांत बसवतो. माती येत नाही तोवर तो बाहेरच.

"सासू सांजच्याला दार लावू देत नाय," सोमी म्हणाली. "तो आंगनापोत येतो म्हनं, आन् माघारी जातो."

उषाचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण सोमीचे डोळे खोल गेलेले तिला दिसत होते. आणि जागा शोधण्याचे काम तिला अशक्य वाटले नाही.

रविवारी ती पाड्यावर गेली. भिका अंगणात कुडाला टेकून बसला होता. पंचविशीचा असेल, पण चार पावले चालला की खोकायचा. त्याची आई मंगळी आतबाहेर करत होती. उषाने विचारताच भिकाने चुलीतला कोळसा मागवला आणि सारवलेल्या जमिनीवर वर्तुळ काढले. त्याच्या आतून कडेकडेने शिंपले, अगदी एकाला एक लागून. मधोमध आठ पाकळ्यांचे फूल. आणि एका पाकळीचे टोक त्याने काढले नाही.

"ही राहिली," उषा म्हणाली.

"राहिली नाय. मोडलेलीच हाय. हितून अशी तिरपी." त्याने अंगठ्याच्या नखाने पाकळीवर रेघ ओढली. "पुरी नाय मोडली. बोराएवढा तुकडा गेलाय."

"इतकं नक्की आठवतं?"

"रानात नव्या वाटेला गेलो तर झाड बघून ठेवतोच ना आमी? कुठली फांदी मोडलीय, कुठं गाठ हाय? तसंच. बाकीचे ट्रकात चढत व्हते, मी कंदील धरून झाकानच बघत व्हतो. म्हटलं, वयनीला हितं आनावं लागंल."

"बायकोचं त्वांड येवढं नीट बघितला असतास, तर पळाली नसती," मंगळी आतून म्हणाली.

भिका हसला आणि हसता हसता खोकायला लागला. मंगळी पाणी घेऊन बाहेर आली. पाणी पाजताना तिने त्याची पाठ चोळली, पण डोळे त्या कोळशाच्या फुलावर होते. त्याला पाय लागू नये म्हणून ती लांबून वळसा घेऊन आत गेली.

उषाने चित्र कागदावर उतरवून घेतले. संध्याकाळी पंढरी पालघरहून आला तेव्हा तिने तो कागद त्याच्यासमोर ठेवला. पंढरी, उषाचा नवरा, मूळचा कोल्हापूरचा. पालघरच्या एका फाउंड्रीत तो पॅटर्न करत असे. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जे काही ओतायचे ते आधी लाकडात हुबेहूब करायचे. मग तो लाकडी पॅटर्न ओल्या वाळूत दाबायचा, हलकेच ठोकून सैल करायचा, उचलून घ्यायचा. वाळूत जी पोकळी राहते तिच्यात वितळलेले बीड ओतायचे. एका पॅटर्नवर हवे तितके नग निघतात.

"हे कुणी काढलं?" पंढरीने विचारले. "हा माझा पॅटर्न आहे की."

"तुमचा?"

"अगं, गेल्या दिवाळीच्या आधीचं काम. मुंबईला टेकडीवर एक नवी वसाहत झाली, समुद्राच्या अंगाला. तिथल्या बंगलेवाल्या शेटना रस्त्यावरची झाकणंसुद्धा देखणी पाहिजेत. बाकी सगळ्या शहराला चौकडी चालते, यांना फूल हवं. शिंपले माझ्या डोक्यातले. शेट खूश झाले. दुसऱ्या कुणाला हे डिझाईन द्यायचं नाही, म्हणाले."

"म्हणजे या डिझाईनची झाकणं त्या एकाच वसाहतीत आहेत?"

"एकाच."

उषाला जरा हुरूप आला. तिने देवूची हकिगत सांगितली. पंढरी ऐकत राहिला. कागदावरून त्याने बोट फिरवले आणि ते मोडक्या पाकळीवर थांबले.

"हे काय?"

"तिथलं टोक मोडलंय."

"माझ्या पॅटर्नला मोडकी पाकळी? हात फिरवून बघितल्याशिवाय मी काम खाली देत नाही. आठही पाकळ्या सारख्या होत्या, वाळूतून सुटायला कडांना उतारसुद्धा व्यवस्थित दिला होता." तो दुखावला होता. "ट्रकातून उतरवताना आपटलं असणार. बीड ठिसूळच. दगडावर पडलं की टवका उडतो."

ते ऐकून उषाने पुढचा विचार केला. झाकणे पुष्कळ असली तरी आपटून उडालेला टवका दोन झाकणांवर सारखा असणे शक्य नाही. त्याच पाकळीचा, त्याच आकाराचा, तसाच तिरपा, हे तर नाहीच. म्हणजे खूण पक्की होती. भिकाने न जाणता नेमकी तीच गोष्ट लक्षात ठेवली होती जिच्यावरून एक झाकण दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येते.

तिने हे सोमीला सांगितले, तेव्हा सोमी घाबरली. "तसली आनखी हायत?"

"फुलाची आहेत. मोडक्या पाकळीचं एकच."

"घावंल?"

"सापडेल," उषा म्हणाली.

चैत्रात शाळेला सुट्टी पडली आणि पंढरीने सांगितलेला पत्ता घेऊन दोघी सकाळच्या गाडीने मुंबईला गेल्या. सोमीने धुतलेले लुगडे नेसले होते आणि कमरेला एक कोरा फडक्याचा तुकडा खोचला होता. त्याला तिने वाटेत कुणाचा हात लागू दिला नाही. भगताला दुसऱ्या दिवशीचे बोलावणे गेले होते.

टेकडीचा चढ सुरू झाला तसा रहदारीचा आवाज मागे राहिला. दोन्ही बाजूंना उंच भिंती, भिंतींवरून खाली आलेल्या बोगनवेली, फाटकांवर पितळी पाट्या. रस्ता डांबरी आणि इतका स्वच्छ की सोमी कडेकडेने चालू लागली. समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता.

"ह्योच आवाज," ती म्हणाली. तिने तो आधी ऐकलेला नव्हता, तरी म्हणाली.

पहिले झाकण वसाहतीच्या फाटकापाशीच होते. शिंपल्यांची कड, मधे फूल. सोमी एकदम खाली वाकली. पाकळ्या आठही धड होत्या. पुढचे झाकणही तसेच, त्याच्या पुढचेही.

"बघितलंस?" उषा म्हणाली. "सगळी पुरी आहेत. आपलं वेगळं आहे."

रस्ता एका कडुलिंबाला वळसा घालून खाली उतरत होता. त्या वळणावर सोमी थांबली. तिने उषाचा दंड धरला.

एका पाकळीचे टोक नव्हते. बोराएवढा तुकडा, तिरपा गेलेला. उषाने पिशवीतून कागद काढून ताडून पाहिले. शंकेला जागा नव्हती.

सोमी झाकणाशेजारी बसली. तिने आधी पंजा ठेवला, मग ओणवी होऊन कान लावला. खालून पाण्याचा आवाज येत होता. ती बराच वेळ तशीच होती. मग, माणूस शेजारी बसलेला असावा अशा साध्या आवाजात म्हणाली, "चल आता. आय वाट बघते. पोर बी बघते."

उषा दुसरीकडे बघू लागली.

माती मात्र नव्हती. सगळीकडे डांबर, कडेला फरशी. उषाने झाकण आणि त्याची चौकट यांच्यामधली फट दाखवली. तिच्यात काळा चिकट गाळ साचला होता. तिने आपल्या अंबाड्यातला आकडा काढून दिला. सोमी फटीतून कणाकणाने गाळ काढून फडक्यावर ठेवू लागली. एक कणही तिने इकडेतिकडे पडू दिला नाही. उषाने तिला गेल्या कित्येक दिवसांत इतके शांत पाहिले नव्हते.

"ओ बाई! काय चाललंय तिथं?"

वरच्या फाटकातून एक चौकीदार येत होता. साठीचा, खाकी डगला, हातात काठी. "झाकण चोरायला आलात की काय? उचलत नाही हां ते दोन बायकांना. मी बघितलंय उचलून."

"अंगठी पडली हिची," उषा म्हणाली. तिला पटकन दुसरे काही सुचले नाही.

"अरेरे. सोन्याची?"

"चांदीची."

"चांदीची असली तरी जीव तेवढाच अडकतो." तो काठी टेकत खाली बसला आणि खरोखरच फटीत डोकावू लागला. "आत गेली असेल तर सोडा आशा. इथनं गेलेलं थेट समुद्रात. पण पडली इथंच ना? नक्की हेच झाकण?"

"हेच. ही पाकळी मोडलेली आहे, त्यावरून लक्षात आहे."

चौकीदार हसला. "घ्या! पाकळीवरून काय सांगताय? ह्या वळणापासून खाली समुद्रापर्यंत सगळी मोडक्याच पाकळीची. वरची पहिली चार-सहा आली ती धड. नंतरच्या गाडीतली सगळी अशीच. इथल्या शेटनी केवढा आरडाओरडा केला! पण बसवून झाल्यावर उखडतंय कोण?"

सोमीचा आकडा थांबला.

"सगळी?" उषाने विचारले.

"जाऊन बघा की. ही गल्ली, ती पलीकडची, पार खालपर्यंत."

उषाला जावे लागले नाही. काय झाले असेल ते तिला तिथेच उमगले. वाळूतला पॅटर्न सैल करायला कुणीतरी काठाऐवजी फुलावर ठोकले असेल. लाकडाचा बोराएवढा टवका उडाला असेल आणि वाळूचा साचा भरणाऱ्या मोल्डरने तो कुणाला सांगितला नसेल. त्यानंतर वाळूत मोडकीच पाकळी उमटली, आणि बिडातही. पंढरी खोटे बोलला नव्हता, भिकाचीही चूक झाली नव्हती.

तिने चौकीदाराकडे वळून विचारले, "महाशिवरात्रीच्या सुमारास इथे गटारं उपसायला माणसं आली होती. कुठलं झाकण उघडलं होतं, सांगाल?"

त्याचे हसू गेले. तो काठीवर भार देऊन उठला. "मी दिवसपाळीला असतो. ते पहाटे येतात. आज हे उघडतात, उद्या ते. मला काय ठाऊक?" पाठ वळवता वळवता तो म्हणाला, "तुम्ही अंगठीचं विचारत होता ना?" आणि फाटकाकडे निघून गेला.

सोमी उठली होती. फडके मुठीत धरून ती उतारावरून चालू लागली. पुढच्या झाकणापाशी वाकली. मोडकी पाकळी. त्याच्या पुढचे. मोडकी. ती भरभर चालू लागली, मग पळू लागली. उषा तिच्यामागे होती. पलीकडच्या गल्लीत एक आया बाबागाडी ढकलत होती, ती थांबून बघत राहिली. सोमी प्रत्येक झाकणापाशी वाकत होती. सुरुवातीला ती त्याच्यावर हात ठेवायची. नंतर हात ठेवणे थांबले, आणि मग वाकणेही. रस्ता एका कठड्यापाशी संपला. समोर समुद्र होता.

सोमी कठड्याला टेकून धापा टाकत होती. उषाने विचार केला. नेमके कुठले ते कळणार नव्हते, पण ते यांच्यापैकीच एक होते, एवढे खरे होते.

"सोमी, ऐक. आपण सगळ्यांच्या फटीतला थोडा थोडा गाळ घेऊ. त्यात त्याच्या जागेचा येणारच. चुकायचं कारणच नाही."

सोमीने तिच्याकडे पाहिले. रागाने नाही. वर्गात एखादे मूल बरोबर उत्तर देते पण प्रश्न त्याला कळलेला नसतो, तेव्हा उषा जसे पाहायची, तसे.

"आन् बाकीच्यांच्या खाली कोन गेलंय ते कुनाला म्हाईत?" ती म्हणाली. "आमचे जातात, दुसऱ्या पाड्याचे जातात, घाटावरचे जातात. येक का गेलाय? भगत हाक मारंल, आन् दुसराच कोन आत आला तर? तेच्या बायकोनं मंग काय करायचं?"

उषाने कागद घडी करून पिशवीत टाकला.

दोघी चढ चढून पुन्हा वळणावर आल्या. सोमी त्याच झाकणापाशी बसली. फडके उघडून तिने गाळ बोटाने परत फटीत भरला, जिथून काढला होता तिथेच, आणि अंगठ्याने दाबला. फडके झटकले आणि घडी करून कमरेला खोचले.

"मिळाली का?" फाटकातून चौकीदाराने विचारले.

"नाय," सोमी म्हणाली.

परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसून राहिली. उषाने दिलेली भाकरी तिने हातात धरून ठेवली. बोईसरला उतरल्यावर उषा घरी गेली नाही, सोमीबरोबर पाड्यावर गेली. तिला एकटीने पाठवणे शक्यच नव्हते.

दिवस अजून मावळला नव्हता. अंगण ताजे सारवलेले होते. मंगळीने दारात नवे गाडगे पालथे घालून ठेवले होते, माती ठेवायला. ती पुढे आली आणि तिने सोमीच्या तोंडाकडे नव्हे, कमरेकडे पाहिले.

"नाय घावली," सोमी म्हणाली.

"घावली नाय कशी?" भिका कुडाला धरून उठला. "पाकळी मोडलेली व्हती ना?"

"व्हती."

"हितूनच?"

"हितूनच."

"मंग?"

सोमी खाली बसली. "समद्यांची मोडलेली हाय, भिका."

भिकाला वाटले, ती थट्टा करते आहे. तो जरा हसलाही. "समद्यांची येकसारखी कशी मोडंल? काय सांगतेस? मास्तरीणबाय, तुमी सांगा."

उषाने त्याला सांगितले. लाकडाचे फूल, ओली वाळू, वाळूतली पोकळी. एकदा लाकूड मोडले की पुढचे प्रत्येक फूल मोडकेच निघते. ती वर्गात सांगायची त्याहून सोपे करून तिने सांगितले, आणि भिकाला ते कळत गेले. ते त्याच्या तोंडावर दिसत होते. अर्ध्यातच थांबावे असे तिला वाटले, पण तो ऐकत होता.

"मी येतो," तो शेवटी म्हणाला. "मी सवता वळखीन."

"काळोख व्हता ना?" सोमी म्हणाली.

"व्हता." तो खोकला. "कंदिलात तेवढं झाकानच दिसत व्हतं." मग कुणालाच उद्देशून नाही असा तो म्हणाला, "मंग मी काय बघितलं?"

आतून सोमीची पोर उठून आली आणि आईच्या पाठीला चिकटून उभी राहिली. सोमीने तिला बाजूला केले आणि पदर खोचून उठली.

"भगताला सांगून येते," ती म्हणाली. "उद्या येऊ नको म्हनून."

"काय खाऊन तरी जा," मंगळी म्हणाली.

"आल्यावर."

ती अंगणाबाहेर पडली. भगताचे घर ओढ्यापलीकडे होते, वाट उताराची होती.

"आगं, मंग कवा ये म्हनून सांगशील तेला?" मंगळीने मागून ओरडून विचारले.

सोमीने ते ऐकले असावे, कारण ती क्षणभर थांबली. मग वळून न बघता उतार उतरू लागली. मंगळी उत्तराची वाट बघत दारातच उभी राहिली, आणि अंधार पडू लागला तरी तिने दार ओढून घेतले नाही.